पुरुष कामाला गेले, शेजार बायांनी वसवला



आपल्या माण-खटावच्या पट्ट्यात ज्या घरातलं कुणीच मुंबईला नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. ‘थोरला मुंबईला असतो’, ‘धाकटी मुंबईला दिलीय’ असं आपण सहज म्हणून जातो. पत्ता विचारला की मात्र निघतं कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, मानखुर्द, नाहीतर कल्याण. ही सगळी मुंबईच्या कडेनं वाढलेली गावं, म्हणजे उपनगरं. तिथं एका चाळीत साताऱ्याची बाई राहते, तिच्या शेजारी आझमगडची, वरच्या मजल्यावर गुलबर्ग्याची, आणि चाळीची मालकीण असते तिथलीच आगरी आजी.

आज त्या वस्त्यांचा इतिहास सांगायचं कारण असं की, गेले काही महिने गटांच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार येतोय. आपल्याकडं डाळिंबाच्या बागेवर, वीटभट्टीवर, पोल्ट्रीवर बाहेरची कुटुंबं कामाला येतात. काही तर दोन-तीन वर्षं इथंच राहिलीत. त्यांच्यातली एखादी विचारते, ‘ताई, मला गटात घ्याल का?’ मग आपल्यातली एक म्हणते, घेऊ या. दुसरी म्हणते, बाहेरची बाई, उद्या पैसे घेऊन निघून गेली तर कुणाला धरायचं? दोघींचंही म्हणणं खोटं नाही. पण उत्तर देण्याआधी आपलीच माणसं परक्या जागी कशी रुजली, त्यांना तिथं कुणी काय म्हटलं आणि कुणी सामावून घेतलं, हे एकदा बघायला हवं.

मूळचे कोण?

मुंबई शहर सात बेटं जोडून झालं, हे आपण शाळेत शिकलो. त्या शहराच्या उत्तरेला साष्टी नावाचं मोठं बेट आहे. आजचे वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, ठाणे हे सगळं त्यात येतं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिथं भातखाचरं, मिठागरं आणि माडाच्या वाड्या होत्या. कोळी, आगरी, भंडारी, वारली आणि ख्रिस्ती शेतकरी ही तिथली मूळ माणसं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि या गावांतून शहरात जाणं-येणं सोपं झालं. रेल्वेच्या मागोमाग बाहेरची माणसंही आली.

या ख्रिस्ती शेतकऱ्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पोर्तुगीजांच्या काळात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, पण घरातली बोली मराठीच राहिली. पुढं गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागले. आडनावं सारखी, चर्च एकच, आणि नोकऱ्यांसाठी स्पर्धा. तेव्हा या मूळच्या लोकांनी आपली वेगळी ओळख सांगायला १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. ते वर्ष व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचं होतं. वर्षानुवर्षं त्याच मातीत राहणाऱ्या माणसांना आपलं नाव सांगायची गरज पडली, ती शेजारी नवी माणसं आल्यावर.

नाव सभेत ठरलं, पण ओळख टिकली ती घराघरात. उन्हाळ्यात मिरच्या आणि पंचवीस-तीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, लाकडी मुसळांनी कुटायचे आणि तो मसाला बाटल्यांत ठासून भरायचा. त्याला ते बाटली मसाला म्हणतात. आपण चैत्र-वैशाखात कांदा-लसूण मसाला करतो तसंच. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं, त्या विधीला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. वांद्रे, मरोळ, मनोरी, गोराई इथल्या गावठाणांत हे रिवाज आजही आहेत. भोवती उंच इमारती उठल्या आणि मूळचेच लोक आपल्या गावात मूठभर उरले. तरी बाईच्या हातचा मसाला आणि लग्नातलं पाणी यांनी त्यांचं गावपण धरून ठेवलं.

घाटावरून आलेले ‘घाटी’

आता आपल्या माणसांकडं येऊ. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना हातं लागू लागली. ती आली कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आपल्या आजे-पणज्यांनी भोगला. पाऊस नाही, चारा नाही, सावकाराचं देणं डोक्यावर. अशा वेळी घरातला एक गडी मुंबईला धाडला, तर बाकीच्यांना भाकरी मिळायची. दर महिन्याची मनिऑर्डर हीच कित्येक घरांची ज्वारी होती.

त्या वेळची मुंबई पुरुषांची होती. १९२१ च्या जनगणनेत तिथं हजार पुरुषांमागं बायका पाचशेच्या थोड्याच वर होत्या. शहरात राहणाऱ्या शंभरातली ऐंशीहून अधिक माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं एक उठला की त्याच जागेवर दुसरा पडायचा. गावचं मंडळ, गावच्या देवाची वर्गणी, यात्रेला जायची रजा हे सगळं त्या खोलीत ठरायचं. गोव्याच्या माणसांच्याही मुंबईत अशाच गाववार खोल्या होत्या, त्यांना ‘कूड’ म्हणत. गाव सोडलेल्या माणसानं शहरात पहिली गोष्ट शोधली ती आपल्या गावची खोली.

आणि शहरानं त्यांना काय नाव दिलं? ‘घाटी’. घाटावरून आलेला, अडाणी, गावंढळ. मराठी मुलखात, मराठी बोलणाऱ्या माणसालाही परकं ठरवायला एक शब्द होताच. आपल्यातल्या कुणाला वाटत असेल की ‘बाहेरचा’ म्हणजे दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या भाषेचा. आपल्या आज्या-आजोबांनी तो शब्द आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत ऐकलाय.

बायका अगदीच नव्हत्या असं नाही. गिरण्यांत सूत गुंडाळायच्या खात्यांत पुष्कळ बायका होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, बाळंतपणाच्या रजेत भत्ता मिळू लागला. पण पुढच्या काळात गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत गेलं. मालकांना पुरुष कामगार सोयीचे वाटू लागले. मग उरलेल्या बायांनी घरातच चूल मोठी केली. एका बाईनं दहा-वीस कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं, महिन्यानं पैसे घ्यायचे. ही खानावळ. सामान भरायला पैसे लागायचे ते सावकाराकडून, जबर व्याजानं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत नेलं. कुणाकडं गहाण ठेवायला काही नव्हतं, एकमेकींचा शब्द हेच तारण होतं. आपण आज गटात जे करतो, त्याची ही एक थोरली बहीण आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. कामगारांकडं पैसे नाहीत म्हणून खानावळी उधारीत बुडाल्या. कित्येक कुटुंबांनी शहरातली खोली विकली आणि स्वस्त जागेच्या शोधात डोंबिवली, कल्याण, विरारकडं सरकली. कित्येक गावी परतली. उपनगरं वाढली त्यात हाही एक लोंढा होता.

ज्यांना परतायला गावच नव्हतं

आपला माणूस मुंबईत हरला तर गावी यायचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसं शहर सोडून गावाकडं पळाली. २०२० साली टाळेबंदीत तेच पुन्हा घडलं, हे तर आपण डोळ्यांनी बघितलं. पण ज्यांना परतायला गावच नाही, त्यांनी काय करायचं?

१९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. पंजाबाची आणि बंगालची वाटणी झाली, म्हणून तिकडून आलेल्यांना निदान आपल्या भाषेचा अर्धा मुलूख भारतात मिळाला. सिंधी हिंदूंना तसा तुकडाही मिळाला नाही. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्या रिकाम्या पडल्या होत्या. त्या बराकींत सुमारे एक लाख निर्वासितांना आणून ठेवलं. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथं नव्या शहराची पायाभरणी केली. उल्हास नदीवरून त्याचं नाव पडलं उल्हासनगर. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात. छावणी गेली, पत्त्यात राहिली.

तिथल्या बायांनी घरात पापड लाटले, लोणची-मिठाया केल्या. पुरुष आणि मुलं तो माल घेऊन लोकल गाड्यांत आणि दारोदार विकायला गेली. पापडावर संसार उभे राहिले. चाळीस दिवसांचा चालिहो हा झुलेलालाचा उपास त्यांनी सिंधू नदी सोडून उल्हास नदीच्या काठावर धरला. आपल्या भाषेला स्वतःचं राज्य नाही, म्हणून तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळावी यासाठी सिंधी लोक झगडले आणि १९६७ साली ती मिळाली. तरी घराबाहेर मराठी-हिंदी बोलता बोलता नातवंडांच्या तोंडून सिंधी कमी होत गेली. आपल्या मुंबईच्या नातवंडांना ‘न्याहारी’, ‘कालवण’, ‘हुंदाडणं’ असे शब्द कळेनासे झाले की आपल्याला चुटपुट लागते. त्यांना तर सुट्टीत जाऊन शब्द ऐकायला गावही नव्हतं.

आपल्या माणसांचं घर, त्यांची जमीन

आता खाडीपलीकडं, नवी मुंबईत. आपल्या भागाचा इथला संबंध सगळ्यात जवळचा आहे.

मुंबईच्या मशीद बंदर भागात मोठा घाऊक बाजार होता. तिथं माथ्यावर पोती वाहणारा तो माथाडी. त्यात सातारकडची माणसं पुष्कळ. ना पगाराची हमी, ना रजा, ना दुखापतीची भरपाई. आपल्या सातारा जिल्ह्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस हे सगळं मंडळामार्फत मिळू लागलं. १९८० च्या दशकापासून तो बाजार टप्प्याटप्प्यानं तुर्भे-वाशीला हलला. बाजारामागं माथाडी गेले, आणि कोपरखैरणे-घणसोलीत घरं झाली तेव्हा कुटुंबंही गेली. मुंबईच्या खोलीत एकटा राहणारा गडी नवी मुंबईत बायको-पोरं घेऊन राहू लागला. तिथं मात्र दाराला उंबरा आला, उंबऱ्यावर रांगोळी आली आणि शेजार आला.

पण ती जागा रिकामी नव्हती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवं शहर वसवायला ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. ती जमीन होती आगरी, कोळी, कराडी लोकांची. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. बाई खाडीत उतरून चिंबोऱ्या, निवट्या धरायची आणि पाटी डोक्यावर घेऊन विकायची. जमिनीचा मोबदला फार थोडा मिळत होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातूनच पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

मैत्रिणींनो, आपल्या भावाला, दिराला तिथं कामाची आणि निवाऱ्याची जागा मिळाली, ती कुणाच्या तरी भाताच्या खाचरावर मिळाली. हे आपण विसरू नये. आपण इथं धरणाखाली जमीन गेलेली गावं बघितलीत. कोयनेच्या धरणातून उठलेल्यांपैकी काही जणांचं पुनर्वसन तर त्याच ठाणे-रायगडच्या बाजूला झालं. उठलेल्याचं दुःख आपल्याला नवं नाही.

त्या आगरी बायांनी गावठाणात चाळी बांधल्या आणि खोल्या भाड्यानं दिल्या. भाडेकरू कोण? आपली सातारकर माणसं, आणि उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आलेली. तिथं पंधरा वर्षं राहून परत आलेल्या आमच्या एका गटातल्या मावशी सांगतात, पहिल्या पावसाळ्यात मालकीणबाईनं त्यांना सुकट निवडायला शिकवलं आणि यांनी मालकिणीला हरभऱ्याच्या पाल्याची भाजी करून घातली. पाण्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडणही झालं, महिनाभर बोलणं बंद होतं. नंतर मावशींच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा रात्री दीड वाजता रिक्षा बोलावून दवाखान्यात सोबत गेली ती मालकीणच. शेजार असाच असतो, त्यात गोडवा असतो आणि भांडणंही असतात.

शेजार मोडतोसुद्धा

इतिहास सांगताना फक्त गोड सांगून चालायचं नाही. साठच्या दशकात मुंबईत दक्षिणेकडून आलेल्यांवर रोष निघाला, त्यांची दुकानं-हॉटेलं फोडली गेली. २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना, फेरीवाल्यांना मार पडला. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधल्या दंगलींत तर मुंबईत नऊशे माणसं मेली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली कुटुंबं वस्त्या बदलून गेली, आपापल्या धर्माच्या माणसांत राहायला. त्यानंतर वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या झाल्या. पोलीस आणि दोन्ही धर्मांची माणसं एकत्र बसू लागली, अफवा आली की आधी एकमेकांना विचारू लागली.

या सगळ्यांतून एक दिसतं. ज्या वस्तीत रोजचा काही व्यवहार होता, नळाचा, भिशीचा, मुलांच्या शाळेचा, तिथं अफवा आली तरी विचारायला एक ओळखीचं दार होतं. नुसतं जवळ राहणं पुरत नाही. एकमेकींकडं जायला काहीतरी काम लागतं.

भायखळ्याच्या फुटपाथवरची बचत

काम म्हणजे काय, याचं उत्तर आपल्यासारख्याच बायांनी दिलंय. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या बांधून राहणारी कुटुंबं होती. कुणी महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातली, कुणी थेट बिहारची. भाषा वेगळी, धर्म वेगळा. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही परवानगी दिली. म्हणजे झोपडी कधीही जाणार, ही भीती कायम.

त्या वेळी स्पार्क ही संस्था या बायांमध्ये काम करत होती. बायांनी आपली संघटना केली, तिचं नाव महिला मिलन. त्यांनी सुरुवात केली ती रोजच्या बचतीनं. एक बाई आपल्या गल्लीत रोज दारोदार जायची आणि ज्या घरात जे निघेल ते, रुपया-दोन रुपये, गोळा करायची. ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशीही ती जायची. कारण पैशाबरोबर खबर मिळायची. कुणाचं पोर आजारी आहे, कुणाला नवऱ्यानं मारलंय, कुणाकडं चूल पेटली नाही. अक्षरओळख नसलेल्या बायाही रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर हिशेब ठेवायच्या. पुढं त्यांनी आपल्याला परवडेल असं घर स्वतः आखलं, त्याचा नमुना उभा करून लोकांना दाखवला. कित्येक वर्षांनी त्यांच्यातल्या काही कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरं मिळाली. त्या वसाहतीचं नाव मिलन नगर.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की, त्या बायांनी ‘तू कुठली’ हे आधी विचारलं नाही. रोज पैसे टाकतेस का, बैठकीला येतेस का, एवढंच विचारलं. विश्वास बसल्यावर कर्ज दिलं. दुसरा धडा कागदाचा आहे. झोपडीवासीयांना घर मिळायचं तर ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, मग १ जानेवारी २००० आली. वीस वर्षं राहिलेली बाई ‘इथली’ आहे की नाही, हे एका रेशनकार्डावर, एका मतदार यादीवर ठरायचं. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, अशी तरतूद नियमांत आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलगी, सून, जाऊ तिकडं अशा घराची वाट बघत असेल, तर तिला आजच फोन करून सांगा, कागदावर स्वतःचं नाव आहे का बघ.

आपण सगळ्याच बाहेरच्या

आता परत आपल्या गावात येऊ. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण दिसतं ते लग्न. आज गटात बसलेल्या बायांनी हात वर करावेत, कुणाकुणाचा जन्म याच गावात झाला? फार थोडे हात वर होतील. आपण बहुतेक जणी बाहेरून आलोय. आडनाव बदललं, काही जणींचं नावही बदललं. पहिल्या वर्षी भाकरी थापायची पद्धत वेगळी म्हणून बोलणी खाल्ली. ‘तुमच्याकडं असं असेल, आमच्याकडं नाही’ हे वाक्य ऐकलं. मग कुणीतरी एका जावेनं, एका शेजारणीनं हळूच सांगितलं, इथं असं करतात गं. तिथून गाव आपलं व्हायला लागलं. वीटभट्टीवरच्या त्या बाईला सोबत यायला सासर नाही, जाऊ नाही. ती एकटीनं तेच वर्ष काढतेय.

म्हणून आमची सगळ्या गटांना विनंती आहे की, पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. पैसे घेऊन निघून जाण्याची भीती खरी आहे, आणि तिचा बंदोबस्त करता येतो. बाहेरून आलेल्या बाईला आधी सहा महिने फक्त बचत करू द्या. बचत तिची स्वतःची असते, त्यात गटाला काही धोका नाही. ती बैठकीला नेमानं आली, तर पहिलं कर्ज तिच्या स्वतःच्या बचतीएवढंच द्या. पुढचं तिच्या परतफेडीवर ठरवा. हाच नियम आपल्या गावच्या नव्या सदस्यालाही लावा, म्हणजे कुणाला वेगळं वागवल्यासारखं होणार नाही.

तिचं मूल लहान असेल तर अंगणवाडी ताईंना सांगा, पोषण आहार आणि लस त्यालाही मिळायला हवी. मोठं असेल तर शाळेत बसवा. तिचं रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचं असलं, तरी ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं. दुकानदार नाही म्हणाला तर तिच्याबरोबर दोघीजणी जा. एकटीला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, तिघींना अवघड.

आणि आपल्यातली एखादी गाव सोडून कोपरखैरण्याला, पुण्याला निघाली, तर तिचं नाव लगेच कापू नका. तिची बचत, तिनं फेडलेली कर्जं यांचा हिशेब एका कागदावर लिहून, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या करून तिच्या हातात द्या. नव्या जागी गटात शिरताना तो कागद तिच्या उपयोगी पडेल. तिथं तीच बाहेरची असणार आहे, आणि कुठल्या तरी बैठकीत तिच्याविषयी हाच प्रश्न निघणार आहे, हिला घ्यायचं का?

घराचा उतारा काढा, ग्रामपंचायतीच्या नोंदीत तुमचं नाव आहे का बघा. नसेल तर अर्ज कसा करायचा ते गटात विचारा, आम्ही मदतीला येऊ. ठराव लिहून ठेवा, त्यावर सगळ्यांचे अंगठे-सह्या घ्या. पुढच्या महिन्यात आम्ही बैठकीला येऊ तेव्हा तो ठराव वाचून दाखवा. तुमच्या गटात काय ठरलं, विरोध कुणी केला आणि का केला, हेही सांगा. विरोध करणारीचं म्हणणंही आम्हाला ऐकायचंय.